दादाच्या फ्लॅटमधला माझा चोविसावा हिस्सा

वहिनीचा फोन आला, अगं फ्लॅट विकायचाय, कागदांवर तुझी सही लागणार आहे, तर मला वाटलं साक्षीदार म्हणून लागत असेल. म्हटलं येते की, त्यात काय. तर ती थोडा वेळ गप्पच, आणि मग म्हणाली, साक्षीदार नाही, मालक म्हणून. बँकेचे वकील म्हणतायत तू आणि धाकटे भाऊजी दोघंही या घराचे मालक आहात.

दादाला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. फ्लॅट दादा आणि वहिनी दोघांच्या नावावर, ॲग्रीमेंट दोघांच्या नावाने, शेअर सर्टिफिकेटवर दोघांची नावं, नॉमिनेशन वहिनीच्या नावाने, सगळं व्यवस्थित. दादा २०१६ ला गेला, महिन्या-दोन महिन्यांत सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला लाल शाईने नोंद करून वहिनीचं एकटीचं नाव चढवलं, शिक्का मारला, सेक्रेटरींनी स्वतः घरी आणून दिलं आणि म्हणाले, ताई आता घर तुमचं, काळजी करू नका. तो माणूस मनापासूनच म्हणाला असणार. आम्ही सगळ्यांनी ते सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि तो विषय संपला असं समजून चाललो. आई तेव्हा त्याच खोलीत बसलेली होती. तिला कोणी काहीच विचारलं नाही, विचारायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण माझ्या ओळखीतल्या दहापैकी नऊ घरांत हाच समज आहे की नवरा-बायकोच्या जॉइंट नावावर घर घेतलं की एक गेल्यावर दुसऱ्याचं आपोआप होतं. तसं होत नाही. जो गेला त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो, आणि वारस कोण हे ॲग्रीमेंटवरचं दुसरं नाव ठरवत नाही, कायदा ठरवतो.

हा समज येतो कुठून तेही मला नंतर कळलं. एक म्हणजे बँकेचं खातं. जॉइंट अकाउंटला आयदर ऑर सर्व्हायव्हर लिहिलेलं असतं, एक गेला की बँक दुसऱ्याला पैसे देते, म्हणून वाटतं घराचंही तसंच. खरं तर तिथेसुद्धा बँक फक्त आपली जबाबदारी संपवत असते, कोणाला तरी पैसे देऊन मोकळी होत असते, त्या पैशांवरचा बाकीच्या वारसांचा हक्क त्याने पुसला जात नाही. आणि दुसरं म्हणजे इंग्लंडच्या कायद्यातली जॉइंट टेनन्सी, तिथे खरंच एक मालक गेला की त्याचा हिस्सा राहिलेल्या मालकात विरघळून जातो. आपल्याकडे ते गृहीत धरत नाहीत. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १८९६ मध्येच सांगून ठेवलंय की हिंदू कायद्याला एकत्र कुटुंबातली सहदायकी, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला जन्माने मिळणारा सामाईक हक्क, सोडली तर असली जॉइंट टेनन्सी माहीतच नाही, म्हणजे दोघांच्या नावाने काही आलं तर प्रत्येकाचा आपापला वेगळा हिस्सा धरायचा. कागदावर स्पष्ट शब्दांत वेगळं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण बिल्डरच्या छापील ॲग्रीमेंटमध्ये तसं कोण लिहितं.

तर आमच्या घराचा हिशोब एका वकीलबाईंनी कागदावर मांडून दाखवला, तो कागद माझ्याकडे अजून आहे. फ्लॅट अर्धा दादाचा, अर्धा वहिनीचा. दादाने मृत्युपत्र केलेलं नव्हतं. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, त्यात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले मुख्य वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळ्यांना सारखा एकेक वाटा. आई! इथेच मी अडखळले. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, ते दुसऱ्या वर्गात आहेत, पण आई बायकोच्या बरोबरीने आहे. म्हणजे दादाच्या अर्ध्याचे चार भाग झाले, वहिनी, भाचा, भाची आणि आई, प्रत्येकी पूर्ण फ्लॅटचा आठवा हिस्सा. ज्या दिवशी दादा गेला त्याच दिवशी, त्याच क्षणी आई त्या फ्लॅटची आठव्या हिश्श्याची मालकीण झाली होती, अर्ज नाही, नोंद नाही, कोणाला पत्ता नाही.

मग २०२० ला आई गेली. तिनेही मृत्युपत्र केलं नव्हतं, तिच्या मते तिच्याकडे करण्यासारखं काही नव्हतंच. आमचे वडील आधीच गेलेले. तिचा आठवा हिस्सा तिच्या तीन मुलांत, मी, धाकटा आणि दादा. दादा आधीच गेलाय म्हणून त्याचा वाटा त्याच्या दोन मुलांना. वहिनीला त्यातलं काही नाही, कारण बाई गेली की तिच्या मिळकतीत तिच्या आधी गेलेल्या मुलाची बायको वारस धरत नाहीत, मुलं धरतात. पुरुषाच्या बाबतीत आधी गेलेल्या मुलाची विधवा वारस असते, म्हणजे हेच घर वडिलांकडून आलं असतं तर सुनेला वाटा होता. सासूकडून आलं म्हणून नाही. हा फरक ऐकून वहिनीचा चेहरा उतरला होता, आईची शेवटची दोन वर्षं आजारपण सगळं तिनेच केलं होतं.

तर कागदाच्या तळाशी अठ्ठेचाळीस भागांत आकडे आले. वहिनी ३०, भाचा ७, भाची ७, मी २, धाकटा २. माझे अठ्ठेचाळिसातले दोन म्हणजे चोविसावा हिस्सा. फ्लॅट ७२० स्क्वेअर फुटांचा, म्हणजे माझे ३० स्क्वेअर फूट. मी मनातल्या मनात लगेच हिशोब केला, दादा संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचा ती बाल्कनी साधारण तेवढीच असेल. तर वकीलबाई म्हणाल्या, तसं नसतं, तुमचा हिस्सा अविभक्त आहे, म्हणजे बाल्कनी तुमची आणि किचन त्यांचं असं नाही, प्रत्येक विटेत तुमचा चोविसावा भाग आहे. ते वाक्य डोक्यातून जात नाही. वहिनीने आठ वर्षं एकटीने हप्ते भरून, मेंटेनन्स भरून, गळती काढून, रंग लावून सांभाळलेल्या घराच्या प्रत्येक विटेत मी होते आणि मला माहीतही नव्हतं.

आता नॉमिनीचं. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, कोणा एका माणसाची नाही, या शब्दाभोवती जे गैरसमज होऊ दिलेत त्याची. नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी म्हणजे सोसायटीने किंवा कंपनीने व्यवहार कोणाशी करायचा तो माणूस, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा. सुप्रीम कोर्टाने विम्याच्या नॉमिनीबद्दल १९८३ मध्ये, तेव्हाच्या विमा कायद्यावरून, हे सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही तेच सांगितलं. आणि महाराष्ट्रात सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ मध्ये हाउसिंग सोसायट्यांसाठी जे वेगळं प्रकरण घातलं, त्यातल्या कलम १५४ब-१३ मध्ये तर साफ लिहिलंय की नॉमिनीला प्रोव्हिजनल मेंबर म्हणून घ्यायचं, तात्पुरता सभासद, आणि तेही खरे वारस किंवा मृत्युपत्राने हक्कदार ठरलेला माणूस सभासद होईपर्यंतच. कायमचं नाव चढवायला मृत्युपत्र, कोर्टाचा वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यातलं काहीतरी लागतं. आमच्या सोसायटीने केलं ते २०१९ च्या आधीचं, पण तेव्हाही त्या लाल शाईच्या नोंदीने फक्त सभासदत्व बदललं होतं. मालकी जिथे होती तिथेच होती, चार माणसांत.

सातबाऱ्याचंही तसंच आहे बरं का, ज्यांची शेतजमीन आहे त्यांच्यासाठी सांगते. वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची असते, फेरफार होतो, नावं लागतात, पण फेरफार हा महसुलाचा कागद आहे, त्याने मालकी तयार होत नाही आणि एखाद्या बहिणीचं नाव लागलं नाही म्हणून तिचा हक्क जातही नाही.

मग धाकट्याने एक प्रश्न विचारला आणि त्या दिवशी घरातलं वातावरण बदललं. तो म्हणाला, पण वहिनीचा अर्धा कसा, हप्ते तर दादाच्या पगारातून जायचे ना. प्रश्न कायद्याने चुकीचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं, १८८२ च्या, कलम ४५ हेच सांगतं की दोघांनी मिळून विकत घेतलं आणि हिस्से लिहिलेले नसतील तर ज्याने जेवढे पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि पुरावा नसेल तर सारखा. वहिनी काही बोलली नाही. उठून आत गेली, एक जुनं पासबुक घेऊन आली, त्यात २००९ ची एक नोंद होती, नोकरी सोडताना मिळालेला पीएफ जमा आणि चार दिवसांनी तेवढीच्या तेवढी रक्कम बिल्डरच्या नावाने गेलेली. डाउन पेमेंट तिचं होतं. दादाने कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि तिनेही. धाकट्याने पासबुक हातात घेऊन दोनदा वाचलं, आणि सॉरी म्हणाला, आणि मला वाटतं त्याला ते खरंच वाटलं होतं. पण पासबुक सापडलं नसतं तर? म्हणून म्हणते, जॉइंट घर घेताना ॲग्रीमेंटमध्ये हिस्सा किती टक्के ते लिहून घ्या आणि पैसे कोणाच्या खात्यातून गेले त्याचे कागद जपून ठेवा, प्रेमाच्या माणसांतसुद्धा, कारण प्रश्न विचारला जाईल तेव्हा उत्तर देणारा माणूस कदाचित नसेल.

लोनचं गणित पुन्हा वेगळं. त्यात को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार, पूर्ण कर्जाला बांधील असतो, हिस्सा अर्धा असो की पाव. दादा गेल्यावर बँकेने वहिनीकडे सगळं कर्ज मागितलं आणि तिने ते फेडलं, त्याबद्दल कायदा कोणाला विचारत नाही की बाबांनो तुम्ही सगळे हिस्सेदार, मग हप्त्याला कुठे होतात. भरलेल्या पैशांचा हिशोब नंतर मागता येतो, पण तो मागायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

मी आणि धाकटा, आम्ही दोघांनी आपापला हिस्सा वहिनीसाठी सोडायचं ठरवलं, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण सोडायचं कसं, यातही लोक फसतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केली की झालं असं बरेच जण समजतात. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टरच व्हायला लागतं, १९०८ च्या नोंदणी कायद्याने, नोटरीच्या कागदाने हक्क सुटत नाही. हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होते, परक्याला द्यायचं असेल तर तो विक्रीचा किंवा बक्षिसाचा दस्त. आणि कोणाच्या लाभात सोडतोय ते नाव दस्तात स्पष्ट पाहिजे, नुसतं मी माझा हक्क सोडते म्हटलं तर तो कोणाकडे गेला यावर पुढे भांडण.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळपासून बसलो होतो. अंगठा लागेना, माझे ठसे म्हणे पुसट झालेत, तीन वेळा मशिनवर दाबला, मग कॅमेऱ्यात बघा म्हणाले, फोटो. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. ऑपरेटरने स्क्रीन आमच्याकडे वळवली, नावं तपासून घ्या म्हणाला, तिथे लिहून देणार म्हणून माझं आणि धाकट्याचं नाव, लिहून घेणार म्हणून वहिनीचं, आणि मिळकतीच्या वर्णनात मयताचं नाव म्हणून दादाचं आणि त्याखाली आईचं. आई-दादाची नावं अशी एकाखाली एक छापलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. वहिनी माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा तो शाई लागलेला अंगठा आपल्या रुमालाने पुसला.

तरीही फ्लॅट विकता आला नाही. कारण भाची. तेव्हा ती सतरा वर्षांची. भाचा बावीसचा, त्याची सही चालली, पण अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाचा स्थावरातला हिस्सा आईला सुद्धा परस्पर विकता येत नाही, हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८, कोर्टाची आधी परवानगी लागते. आणि कोर्ट बघतं की यात मुलाचं हित आहे का, पैसे कुठे ठेवणार, सगळं. अज्ञान मूल हक्कसोडही देऊ शकत नाही. वहिनी तिची जन्मदाती आई, घर तिने फेडलेलं, पण त्या सात अठ्ठेचाळिसांश भागावर तिची सही पुरत नव्हती. मला स्वतःला हा नियम योग्यच वाटतो, मुलांचं घर परस्पर विकून टाकणारे पालक असतात, पण कमीत कमी हे माहीत असायला हवं होतं. घेणारे लोक चांगले होते, दोन महिने थांबले, मग त्यांनी दुसरीकडे घेतलं. टोकन परत दिलं. वहिनीला फ्लॅट विकून तिच्या आईवडिलांजवळ लहान घर घ्यायचं होतं, ते वर्षभर लांबलं.

आणि आमच्या जागी दुसरे कोणी असते तर? सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा बाकीच्यांना न विचारता विकता येतो. राहत्या घरातला असा हिस्सा परक्याने घेतला तर त्याला घरात घुसून ताबा मागता येत नाही, वाटपाचा दावा लावावा लागतो, आणि १८९३ च्या वाटप कायद्याने घरच्यांना तो हिस्सा किंमत देऊन परत घेता येतो, वारसांना पहिला हक्कही असतो विकत घ्यायचा. पण हे सगळं दाव्यानंतरचं, आणि दावे किती चालतात ते आपण बघतोच.

वरचा हिशोब हिंदू कायद्याचा आहे, बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागतो. मुस्लिम कुटुंबात मुलं असतील तर पत्नीला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा, आणि मृत्युपत्राने सहसा एक तृतीयांशच देता येतं. ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा, मुलं असतील तर पत्नीला एक तृतीयांश, बाकी मुलांना. म्हणजे शेजारच्या फ्लॅटवाल्याचं जसं झालं तसंच आपलं होईल असं धरून चालू नका. आणि बाई आधी गेली तर चित्र पूर्ण बदलतं, वहिनी आधी गेली असती तर तिचा अर्धा दादा आणि दोन मुलांत गेला असता, तिच्या आईवडिलांना काहीच नाही. मूल नसलेली विधवा गेली आणि मिळकत तिने स्वतः कमावलेली असली तरी मृत्युपत्र नसेल तर ती आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिचे आईवडील त्यांच्या मागे. माझ्या दोन मैत्रिणी या परिस्थितीत आहेत आणि दोघींनाही हे मी सांगितल्यावर कळलं.

सक्सेशन सर्टिफिकेटसाठी धावपळ करण्याआधी हेही बघा की ते मुळात येणी, ठेवी, शेअर्स यासाठी असतं, घर-जमीन असेल तर आपल्याकडे १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टातून वारस दाखला घेतात. हो, १८२७, अजून चालू आहे. वहिनीला आधी कोणीतरी भलतंच सांगितलं होतं आणि तिने त्यात चार महिने घालवले.

या सगळ्याला दादाचं एक पान पुरलं असतं. साध्या कागदावर, माझा हिस्सा माझ्या पत्नीला, खाली त्याची सही आणि त्याने सही करताना पाहिलेल्या दोन माणसांच्या सह्या, साक्षीदार असे की ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, केलेलं बरं. तो आपला स्वतःचा हिस्साच देऊ शकला असता, वहिनीच्या अर्ध्यावर त्याचा अधिकार नव्हता, पण तेवढंच पुरेसं होतं. आणि तेही नसताना २०१६ ला कोणी आईला सांगितलं असतं की तुझाही यात वाटा आहे, तर ती त्याच आठवड्यात हक्कसोडपत्र करायला चप्पल घालून दारात उभी राहिली असती. मला याची शंभर टक्के खात्री आहे. तिला तशी संधीच दिली नाही आम्ही.

भाचीला आता अठरा पूर्ण झाली. पुढच्या आठवड्यात ती आणि भाचा दोघंही दस्तावर सह्या करायला जाणार आहेत, हक्क सोडायचा नाही, दोघांनी आपला हिस्सा ठेवूनच वहिनीबरोबर विकायचं असं ठरलंय, तो वहिनीचाच आग्रह. तिने स्वतःचं मृत्युपत्रही केलं, मला आणि धाकट्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. आणि मी काल कपाटातून आमचं ॲग्रीमेंट काढलं, नवऱ्याचं आणि माझं नाव आहे त्यावर, सगळी पानं उलटून बघितली. हिस्सा कुठेच लिहिलेला नाही. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, रात्री जेवताना त्यांच्यासमोरच विषय काढला.